कोण हे देवगिरे?

चोपडा, जि. जळगाव
१२ ऑगस्ट २०२५

चि. नीलेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

फोनवर आपले बोलणे तिसऱ्या मिनिटाला भांडणावर येते आणि चौथ्या मिनिटाला तुझ्याकडचे नेटवर्क जाते, म्हणून मुद्दाम कागद घेऊन बसलो आहे. आपल्या गल्लीतला इद्रीस सुट्टी संपवून शारजाला परत निघाला आहे. त्याच्याबरोबर हे पत्र, तुझ्या वहिनीने उन्हाळ्यात वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्या आणि एक पाकीट पाठवीत आहे. पाकीट नंतर उघड, पत्र आधी वाच.

चि. स्वप्नालीचे लग्न ठरले. मुलगा रोशन, नाशिकचा, पुण्यात तिच्याच कंपनीत आहे. पोरांनी आपसांत जमवले आणि आम्हाला मागाहून कळवले, पण मुलगा चांगला आहे, मान खाली घालून ऐकतो. वडील पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मंडळी आपल्या जातीची नाहीत. लग्न चौदा डिसेंबरला.

आता मुद्द्याचे. स्वप्नालीला मी पहिलीतच शाळेच्या दाखल्यावर 'देवगिरे' लावले होते, हे तुला ठाऊक आहे. बाकी आपण सगळे कागदोपत्री अजून 'न्हावी'च आहोत. लग्नाच्या नोंदणीत बापाचे आडनाव एक आणि मुलीचे दुसरे असे दिसायला नको, म्हणून राजपत्रात नाव बदलण्याचा अर्ज माझा आणि तुझ्या वहिनीचा मी केला आहे. प्रत्येकाचा अर्ज वेगळा लागतो. तेव्हा सोबतच्या प्रतिज्ञापत्रांवर तुझी व आशाची आणि चि. संपदातर्फे तुझी सही करून, वकिलातीचा शिक्का घेऊन महिन्याभरात पाठव.

रोशनच्या वडिलांना मी एवढेच सांगितले आहे की अण्णा आरोग्य खात्यात होते आणि तू दुबईला हॉटेल लाइनमध्ये मॅनेजर आहेस. कोणी चौकशी केली तर हेच सांगायचे. पाकिटात लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना आहे, त्यातली नावे तपासून घे.

तिकडच्या उन्हात डोक्याला काही बांधत जा. कळावे. राग येईल हे गृहीत धरले आहे, पण सही करावी आणि माया कमी करू नये.

तुझा दादा,
नागेश

*

अल नहदा, शारजा
२४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप दादांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. बिबड्या दोन दिवसांत संपल्या, निम्म्या आमच्या सलूनचे भागीदार अन्वरभाई यांनीच खाल्ल्या. स्वप्नालीची बातमी ऐकून आशा मीना बाजारला साड्या बघायला जाऊनसुद्धा आली. जावईबापूंना सांगा, सासऱ्यापुढे मान खाली घालायची सवय आमच्या घरात फार उपयोगी पडते, मी चाळीस वर्षं तेच करत आलो आहे. आज मात्र वर करणार आहे.

पाकीट मी कामावरून येताना बसमध्ये उघडलं. 'श्री. नीलेश देवगिरे (मॅनेजर, दुबई)' वाचून मला इतकं हसू आलं की शेजारचा मलबारी दचकला. मग नजर वर गेली. 'कै. दगडू रामा देवगिरे यांच्या कृपाशीर्वादाने.' दादा, माझा स्टॉप मागे गेला तरी मी तसाच बसून राहिलो.

कोण हे देवगिरे? मी यांना ओळखत नाही. मी ओळखतो त्या माणसाचं नाव दगडू रामा न्हावी. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आजीने त्याचं नाव दगडू ठेवलं, म्हणजे मरणाचंही लक्ष जाऊ नये. त्याने वस्तरा, कात्री, आरसा आणि नखं काढायची नराणी घातलेली धोकटी खांद्याला लावून तीस वर्षं गावातली घरं धरली आणि सुगीला जे धान्य घरात आलं त्यावर तुम्हाला मास्तर केलं. तुम्ही तुमचं नाव बदला, तुम्ही अर्ज केलात. अण्णांनी कुठे अर्ज केला होता? वारून अकरा वर्षं झालेल्या माणसाची सही तुम्ही कुठल्या वकिलातीतून आणलीत?

बाकी आरोग्य खातं म्हणालात ते अगदीच खोटं नाही. गळवं फोडायचे, मुरगळलेले पाय बसवायचे, पाठीला तुंबडी लावायचे. पगार सोडला तर खात्यात सगळं होतं.

आता एका गिऱ्हाइकाची गोष्ट ऐका. तुम्ही इतिहासाचे मास्तर, तुम्हाला आवडेल. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागात आमच्या सलूनच्या वरच्या ऑफिसात एक जर्मन इंजिनियर आहेत, सत्तरीला टेकलेले, दर गुरुवारी दाढी करायला येतात. आडनाव बादर. ते ऐकायला अरबी नावासारखं लागतं, इथल्या अरबांना साहेब आपल्यातलेच कोणी वाटतात, म्हणून साहेबांना आडनावाचा खुलासा करायची सवय आहे. त्यांनी माझं आयडी कार्ड बघून शेवटचं नाव काय म्हणून विचारलं. मी जरा दबकतच अर्थ सांगितला. खोटं कशाला बोलू, दबकलोच. तर साहेब अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून उठून बसले आणि म्हणाले, माझंही तेच.

त्यांनी सांगितलं ते असं. सातशे-आठशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडे गावं वाढली, एकेका गावात दहा दहा कोनराड झाले. कर लिहिणाऱ्याने मग नावापुढे धंदा लिहायला घेतला. कोनराड बादर म्हणजे न्हाणीघरवाला कोनराड. पाणी तापलं की तो शिंग फुंकायचा किंवा पितळी भांडं बडवायचा, आणि अख्खं गाव आंघोळीला धावायचं. तिथेच तो दाढी करायचा, केस कापायचा, दात उपटायचा, जखमा बांधायचा आणि पाठीला तुंबडी लावून रक्त काढायचा. इथे हिजामा म्हणतात, तेच. पुढे रोगराई आली, सरपण महागलं, न्हाणीघरं बंद पडली. पोरांनी दुसरे धंदे धरले, पण नाव राहिलं. आजही तिकडे न्हाव्याच्या दुकानाबाहेर पितळी ताटल्या टांगतात म्हणे. साहेब सांगत होते आणि मला पारावर उकिडवे बसलेले अण्णा दिसत होते.

घरी येऊन मी ही गोष्ट संपदाला सांगितली. तिलाही शाळेच्या कुठल्याशा फॉर्मसाठी आडनावाचा अर्थ हवा होता. तुझे आजोबा बार्बर होते, हे मी जरा जपूनच सांगितलं. ती टॅबवरून मान न उचलता म्हणाली, "सो आर यू, पप्पा." आणि पुढचा प्रश्न भरायला लागली.

सही करत नाही. तिघांचीही नाही. ती. वहिनींना नमस्कार. कागद कोरे परत पाठवतोय म्हणून प्रेमही परत पाठवलं असं समजू नये.

तुमचा,
नीलेश दगडू न्हावी

*

चोपडा
७ सप्टेंबर २०२५

चि. नीलेश यास आशीर्वाद वि. वि.

पत्राने माझी बिनपाण्याने केलीस. घरात तुझा हात हलका आहे म्हणतात, मला तसा वाटला नाही.

तुझ्या जर्मनाची गोष्ट मी पुस्तकांत पडताळून पाहिली. त्याने तुला गोड तेवढेच सांगितलेले दिसते. बादर, विणकर, धनगर, दळणारे, वाजंत्री यांना तिकडे कारागिरांच्या संघात घेत नसत. बादराच्या मुलाला चांभारकी किंवा सुतारकी शिकायची झाली तरी दार बंद. त्यांच्या बादशहाने १५४८ साली हुकूम काढला की या लोकांना व त्यांच्या मुलांना संघात घ्यावे. तोच हुकूम पुन्हा १५७७ साली. पुन्हा १७३१ साली. मी मुलांना वर्गात विचारतो, एकच हुकूम तीनदा का काढावा लागतो? कारण पहिले दोन कोणी पाळलेले नसतात.

आणि आज तो बादर नाव मिरवतो, कारण तिकडे आता ते ऐकून कोणी त्याला खाली बसायला सांगत नाही. त्याचे आडनाव म्हातारे होऊन त्याचे विष उतरले आहे. आपले अजून चावते.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. तुझा जन्म झाला तेव्हा अण्णा चोपड्यात बसस्टँडजवळ दुकान टाकायच्या बेतात होते. तू खुर्चीमागे उभा राहून धंदा शिकलास, मी लोकांच्या पायाशी बसून. पाचवीत असताना तपासणीला साहेब येणार होते. गुरुजींनी मला घरी पाठवून अण्णांची धोकटी आणायला लावली. वर्गात गणिताचा तास चालू, आणि मी बाहेर व्हरांड्यात एकेका मुलाचे केस कापतो आहे. बावीस मुले. माझ्याच बाकावरचा मुलगा कापून झाल्यावर मान झटकून म्हणाला की मागून नीट घे. दुसऱ्या दिवशी साहेबांनी शाबासकी दिली ती वर्गाच्या टापटिपीला, आणि मला फळ्यावर उदाहरण घातले ते आदल्या दिवशीच्या तासाचे. मला आले नाही. छडी खाल्ली.

डी. एड.ला गेलो त्या दिवसापासून मी वस्तऱ्याला हात लावलेला नाही. स्वतःची दाढीसुद्धा मशीनने करतो. स्वप्नालीच्या वाट्याला तो व्हरांडा येऊ नये एवढ्यासाठी मी तिला ते नाव लावले. यात मला अण्णांची लाज वाटते असा अर्थ तू काढलास, त्याचे वाईट वाटले.

पत्रिका पंधरा ऑक्टोबरला छापायला जाईल. तोवर सह्या आल्या नाहीत तर तुझे नाव पत्रिकेत नसेल. लग्नाला ये, पण तोंड बंद ठेवून ये. आशीर्वाद आहेत, ते तुझ्या सहीवर अवलंबून नाहीत.

नागेश

*

अल नहदा, शारजा
२० सप्टेंबर २०२५

ती. दादांस साष्टांग नमस्कार वि. वि.

व्हरांड्याचं वाचलं आणि मी गॅलरीत जाऊन रडलो. आशाने विचारलं काय झालं, मी पत्रच तिच्या हातात दिलं. दादा, मला हे ठाऊक नव्हतं. आता तुमच्या नावाबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. ते तुमचं आहे, तुम्ही ते सोसलं आहे, ठेवा किंवा टाका.

पण त्या गुरुजींचं आडनाव कुणी बदललं? मागून नीट घे म्हणणाऱ्याचं? ते अजून तोंड वर करून तेच नाव लावतात, आणि आपण राजपत्राच्या रांगेत उभे राहायचं. मला हे पटत नाही आणि पटणारही नाही.

तुमचं हुकमाचं म्हणणं मी बादरसाहेबांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, तुझा भाऊ बरोबर बोलतो, त्याला माझा नमस्कार कळव. मग त्यांनी घरातली गोष्ट सांगितली. त्यांच्या खापरपणज्याच्याही आधीचा एक योहान बादर होता. त्याला खोगीर करायचं काम येत होतं, पण गावचा खोगीरवाल्यांचा संघ त्याला घेईना. तो दर वर्षी एक जानेवारीला बादशहाच्या हुकमाची नक्कल घेऊन संघाच्या दारात उभा राहायचा. अकरा वर्षं. शेवटी संघवाल्यांनी सांगितलं की तुझं काम चांगलं आहे, आईकडचं आडनाव लाव आणि ये आत. हा नाही म्हणाला आणि मरेपर्यंत लोकांच्या दाढ्या करत राहिला. मुलाला मात्र घ्यावं लागलं, बादर म्हणूनच. मी विचारलं, एवढा हट्ट कशासाठी. साहेब म्हणाले, "लाज त्यांना वाटत होती, मग नाव आम्ही का बदलायचं?"

हे तुम्हाला शिकवायला लिहीत नाही. मला हे एकट्याने पचवता येत नाही म्हणून लिहितो.

माझं नाव पत्रिकेतून खुशाल काढा. मी येणारच, आशा आणि संपदाला घेऊन येणार, आणि पंगतीत वाढायला उभा राहीन. कोणी विचारलं काय करतोस, तर दाढ्या करतो म्हणून सांगेन. पण अण्णांना देवगिरे करू नका. त्यापेक्षा तेही नाव गाळा. बिननावाचा बाप मला चालेल, खोट्या नावाचा नाही.

अजून एक. अन्वरभाई आणि मी सलूनची नवी पाटी करायला टाकली आहे, इंग्रजीत आणि अरबीत. त्यावर आपलं आडनाव आहे. अन्वरभाई म्हणाले, खलास, अब पीछे नहीं हटना. वहिनींना नमस्कार. मी हट्टी आहे हे तुम्हीच लहानपणापासून सांगत आला आहात, तेव्हा तेवढं सांभाळून घ्या.

तुमचा धाकटा,
नीलेश

*

चोपडा
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

मी आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिते आहे, मायना चुकला असेल तर हसू नका. दिवाळीसाठी या वेळी लवकरच घरी आले आहे. तुमची दोन्ही पत्रं बाबांनी कपाटात कुलपात ठेवली होती आणि किल्ली नेहमीच्या जागी, म्हणजे मी वाचावीत असं त्यांना वाटत असणार.

दहा तारखेला रोशनकडची मंडळी याद्या करायला आली होती. मानपान, देणंघेणं, सगळं हसतखेळत लिहून झालं. मग रोशनच्या वडिलांनी अगदी सहज विचारलं, तुमचे वडील आरोग्य खात्यात कुठल्या केंद्रावर होते, माझा चुलतभाऊ त्याच खात्यात जिल्ह्याला होता. काका, बाबांना दहा केंद्रांची नावं तोंडपाठ आहेत. एक घेतलं असतं की काम झालं असतं. त्यांनी हातातली यादी खाली ठेवली. मग म्हणाले, माझे वडील न्हावी होते, गावात घरोघर जाऊन दाढ्या करायचे. मी तुम्हाला खोटं सांगितलं, त्याची क्षमा मागतो. त्यांच्या धंद्याची मात्र मागणार नाही.

आई आत ओट्याला धरून उभी होती. मंडळी चहा अर्धा टाकून उठली नाहीत, सभ्य लोक आहेत. चहा संपवून उठली.

रोशनला मी पहिल्याच महिन्यात सगळं सांगितलं होतं. त्याने घरी सांगितलं नव्हतं, आणि मीही त्याला कधी विचारलं नाही की का नाही सांगितलंस. हा माझाही दोष आहे. तेवीस वर्षं मी देवगिरे आहे. मला ते नाव कोणी विचारून दिलं नाही, पण सोयीचं होतं म्हणून मीही गप्प बसले.

चार दिवसांनी त्यांचा निरोप आला. लग्न मोडायचं नाही. फक्त पत्रिकेत सगळ्यांची नावं देवगिरे हवीत, आजोबांच्या धंद्याचा विषय कुठे निघू नये, आणि तुमची ओळख हॉटेलवाले म्हणूनच करून द्यावी. म्हणजे काका, बाबांनी स्वतः जे ठरवलं होतं तेच, शब्दाला शब्द. मला वाटलं, सुटलो. आईने देवापुढे साखर ठेवली.

बाबांनी माझ्यासमोर फोन लावला. ते शाळेत प्रार्थनेनंतर सूचना देतात तेवढ्याच शांतपणे म्हणाले, "बदलणार होतो ते माझ्या मनाने. तुमच्या अटीवर बदलणार नाही." फोन ठेवला आणि मला म्हणाले, पोरी, तुझं लग्न मी मोडलं असेन. मी म्हटलं, नाही बाबा, आता रोशनला ठरवू दे. मी रोशनला मेसेज केला की मी स्वप्नाली नागेश न्हावी आहे, कागद व्हायचे तेव्हा होतील. या नावाच्या मुलीशी लग्न करायचं असेल तर कळव. मी परत फोन करणार नाही.

आज पाच दिवस झाले. त्याचा फोन नाही. राजपत्राचा अर्ज बाबांनी मागे घेतला आहे. मी रडत नाही असं नाही, पण मागे फिरायची इच्छा होत नाही. आशाकाकूला साड्या परत करायला सांगू नका, दुसऱ्या कोणाच्या लग्नाला होतील. संपदाला गोड पापा. तुमचा थोडा हट्ट माझ्यात उतरला आहे, त्याबद्दल आभार मानू की भांडू ते भेटीत ठरवू.

तुमची,
स्वप्नाली

*

चोपडा
६ नोव्हेंबर २०२५

चि. नीलेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

स्वप्नालीने तुला लिहिले हे तिनेच सांगितले. पुढचे मी कळवतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रोशन एकटाच आला. नाशिकहून एसटीने, खांद्याला एक पिशवी. स्वप्नालीशी बोलण्याआधी तो माझ्यासमोर बसला. म्हणाला, मला घरी सांगायला भीती वाटली होती, म्हणून मी दोन वर्षं गप्प बसलो. आता घरी सांगून आलो आहे की लग्न चौदालाच होईल, ज्यांना यायचे त्यांनी यावे. त्याचे आईवडील येणार आहेत. मोठे चुलते येणार नाहीत. चुलते नाहीत म्हणून त्यांच्या बाजूची सत्तर माणसे कमी होतील. मी आचाऱ्याला कळवले आहे. या वेळी त्याने मान खाली घातली नाही, आणि तो मला जास्त आवडला.

पत्रिका काल छापून आल्या, एक सोबत आहे. छापखानेवाल्याने जुना नमुना काढून विचारले की नावापुढे कंसात हुद्दा टाकायचा का, हल्ली सगळे टाकतात. माझ्या नावापुढे मुख्याध्यापक टाकले. तुझ्यापुढे सलून मालक, दुबई. अण्णांच्या नावापुढे कोणी काही टाकत नाही, कैलासवासी म्हटले की हुद्दा संपतो. मी टाकायला लावले. 'कै. दगडू रामा न्हावी (केशकर्तनकार).' त्याने दोनदा वाचून दाखवले, मी दोनदा हो म्हटले. तुझ्या जर्मन साहेबांसाठीही एक पत्रिका ठेवली आहे. १७३१च्या हुकमाबद्दल मला त्यांच्याशी बोलायचे आहे, तेव्हा जमले तर त्यांना घेऊनच ये.

एक गोष्ट राहिली. लग्नाच्या सकाळी नवरदेवाची दाढी करायची असते आणि करणाऱ्याला मानाचा नारळ, कपडे द्यायचे असतात, हे तुला सांगायला नको. आपल्या लोकांपैकी कोणी मांडवात वस्तरा घेऊन दिसू नये म्हणून मी ऑगस्टमध्येच जळगावचा एक पार्लरवाला ठरवून ठेवला होता. त्याला काल नको म्हणून कळवले. तू करशील असे स्वप्नाली म्हणाली. तुझा हक्क आहे, पण या वेळी मागू नकोस.

ती दाढी मी करणार आहे. सगळ्या मांडवासमोर, माझ्या शाळेचे शिक्षक, संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्याकडची आलेली माणसे, सगळे बघत असताना. त्या व्हरांड्यात मला कोणी विचारले नव्हते. या वेळी मीच सांगतो आहे. रोशनला व्हरांड्याचे सांगून विचारले, तो जरा चाचरला, मग म्हणाला, बाबा, मागून नाही, पुढूनच करायची आहे ना, करा.

चाळीस वर्षांत वस्तरा धरलेला नाही. तेव्हा तू चार दिवस आधी ये. सराव तुझ्या गालावर करीन. सौ. आशास व चि. संपदास आशीर्वाद. गाल शाबूत राहतील याची खात्री देत नाही, बाकी सर्व काही पूर्वीसारखेच आहे असे समजावे.

तुझा दादा,
नागेश दगडू न्हावी